माशीचे पाय, मुशीची नाळ : ॲरिस्टॉटलविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात ॲरिस्टॉटलचं नाव ओझरतं येऊन गेलं. मुशीचा, म्हणजे लहान शार्क माशाचा, विषय निघाला होता आणि मी त्याचं थोडं कौतुक केलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळची जागा त्यालाच देते आहे. काही पत्रं रागाची आहेत. खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडली.

प्रश्न : नातवाला विज्ञानाच्या गोष्टी सांगताना माझी पंचाईत होते. जड वस्तू हलकीपेक्षा लवकर पडते असं ज्याने ठोकून दिलं, माशीला चार पाय दिले, बायकांच्या तोंडात पुरुषांपेक्षा कमी दात घातले, मेंदू म्हणजे रक्त थंड करायची सोय आहे असं सांगितलं, त्या माणसाला जीवशास्त्राचा जनक का म्हणायचं? दोन हजार वर्षं त्याने लोकांना चुकीच्या वाटेला लावलं, आणि तुम्ही त्याचे गोडवे गाता!
(एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : गुरुजी, आरोपपत्र असं मुद्देसूद असलं की उत्तर द्यायला बरं पडतं. त्यातला माशीचा मुद्दा मात्र आधी वगळू. चार पायांवर चालतो असं त्याने ज्या किड्याबद्दल लिहिलं, तो घरमाशी नव्हे. नदीकाठी थव्याने उडणारा आणि दिवसभरात मरून जाणारा एक नाजूक किडा असतो, इंग्रजीत त्याला मेफ्लाय म्हणतात. हा किडा बसला की पुढचे दोन पाय पुढे उचलून धरतो. टेकलेले असतात ते मागचे चारच. पाय त्यालाही सहाच, तेव्हा चूक ती चूकच. पण बघणाऱ्याच्या नजरेला काय पडलं असेल ते आपल्याला कळतं. घरमाशीचं म्हणाल, तर ती पुढचे पाय सारखी एकमेकांवर घासत असते हे त्याने टिपलं आहे. तिचे डोळे कठीण, त्यामुळे तिला नीट दिसत नाही, म्हणून ती पुढच्या पायांनी साफसफाई करत असते, असा त्याचा तर्क. माशीकडे इतका वेळ बघत बसलेल्या माणसाच्या नावावर आपण भलताच गुन्हा नोंदवला आहे.

दातांचं मात्र खरं आहे. माणूस, मेंढी, बकरी आणि डुक्कर यांच्यात नराला मादीपेक्षा दात जास्त, असं त्याच्या ‘हिस्टरी ऑफ ॲनिमल्स’ या ग्रंथात आहे. घरबसल्या तपासता आली असती अशी गोष्ट. त्याच वाक्याच्या शेपटाला तो जोडतो की बाकीच्या प्राण्यांची पाहणी अजून झालेली नाही. दातांची थट्टा करणारे हे शेपूट कधी सांगत नाहीत. मला तर माणूस तिथेच दिसतो. हे पाहिलं, हे ऐकलं, हे अजून बघायचं राहिलं, असे कप्पे तो पुन्हा पुन्हा पाडतो. कप्प्यात कधी चुकीची वस्तू गेली, हा भाग निराळा.

थोडी ओळख करून देते, कारण आपल्याकडे ॲरिस्टॉटल म्हटलं की दाढीवाला पुतळा आणि तर्कशास्त्र एवढंच डोळ्यांपुढे येतं. इ.स.पू. ३८४ मध्ये उत्तर ग्रीसमधल्या स्टॅगिरा गावी जन्म. वडील निकोमॅकस हे मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य. सतराव्या वर्षी अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत आला आणि तिथे वीस वर्षं राहिला. इ.स.पू. ३४७ मध्ये प्लेटो वारला, तेव्हा याने अथेन्स सोडलं. आधी आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं ॲसॉस, मग समोरचंच लेस्बॉस बेट. पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं : अलेक्झांडरची शिकवणी, अथेन्समधली लायसियम ही शाळा, इ.स.पू. ३२२ मध्ये मृत्यू. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना लायसियम प्रिय. मला लेस्बॉसची खाडी प्रिय. या बेटाच्या पोटात शिरलेलं, तोंडाशी अरुंद असं एक उथळ आखात आहे. आज त्याला कालोनी म्हणतात, तेव्हा पायरा म्हणत. ‘हिस्टरी ऑफ ॲनिमल्स’मध्ये या खाडीचं नाव वारंवार येतं : कोणते मासे हिवाळ्यात इथून बाहेर पडतात, कोणता राहतो, कोणते शिंपले कुठे मिळतात. सुमारे पाचशे प्रकारच्या प्राण्यांची माहिती या ग्रंथात आहे, आणि जलचरांविषयी लिहिताना त्याची लेखणी सगळ्यात रंगते. थिओफ्रास्टस हा त्याचा जोडीदार याच बेटावरचा. प्राणी याने घेतले, वनस्पती त्याने.

आता मूळ मुद्द्याकडे. मेंदूची चूक कुठून आली हे सांगायचं तर आधी कोंबडीच्या अंड्याकडे जावं लागेल.

एका वेळी बरीच अंडी उबवायला ठेवायची आणि रोज एक फोडून आत काय झालं ते बघायचं, ही युक्ती हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका वैद्यकीय ग्रंथात सापडते. ॲरिस्टॉटलचं वर्णन तिच्या कितीतरी पुढे जातं. तीन दिवस आणि तीन रात्री झाल्या की पहिली खूण दिसते, असं तो सांगतो. पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका असतो, तेच हृदय, आणि ते जिवंत असल्यासारखं उडत असतं. त्याच्यापासून रक्ताने भरलेल्या दोन शिरा नागमोडी वळणं घेत निघतात. दहाव्या दिवशी सगळे अवयव ओळखू येतात, पण डोकं धडाहून मोठं आणि डोळे डोक्याच्या मानाने अवाढव्य. या सुमारास डोळा काढून पाहिला तर तो काळा आणि शेंगेतल्या दाण्याहून मोठा भरतो. विसाव्या दिवसाच्या आसपास कवच उघडलं तर पिल्लू हलतं आणि आवाज करतं.

आमच्या महाविद्यालयात टी.वाय.च्या वर्गाला आधी तयार स्लाइड दाखवत असू : २४ तासांचा गर्भ, ३३ तासांचा, ४८, ७२. रंगवलेले, चपटे, काचेला चिकटलेले जीव. मुलं मुकाट्याने आकृत्या काढत, बाण मारून नावं देत, आणि डोक्यात काही शिरत नसे. मग हॅचरीतून आणलेलं तीन दिवसांचं अंडं मी वाटीतल्या कापसावर बोथट टोक वर करून ठेवायची. त्या टोकाला आत हवेची पोकळी असते, त्यामुळे तिथे कात्रीचं टोक घातलं तरी खाली धक्का लागत नाही. कवचाची टोपी गोल कापून काढायची, खालचा पांढरा पापुद्रा चिमट्याने सोलायचा. आत पिवळ्यावर लाल शिरांचं जाळं पसरलेलं, आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका, टकटक उडणारा. अंडं गार व्हायला लागलं की तो मंदावतो. मिठाचं कोमट पाणी ड्रॉपरने वर सोडलं की पुन्हा वेग घेतो. एका मुलीने विचारलं होतं, “मॅडम, हे मायक्रोस्कोपशिवाय दिसतं?” दिसतं. म्हणून तर ॲरिस्टॉटललाही दिसलं. भिंग नाही, घड्याळ नाही, आणि वर्णन असं की आजचा विद्यार्थी समोर अंडं ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहू शकतो.

त्याने यातून काढलेला निष्कर्षही खणखणीत होता. पिल्लाचे अवयव एकामागून एक घडत जातात, अंड्यात आधीपासून पुरं पिल्लू घडी घालून ठेवलेलं नसतं. सतराव्या-अठराव्या शतकात, सूक्ष्मदर्शक हाती आल्यानंतर, युरोपातले मोठे मोठे विद्वान या घडी घातलेल्या पिल्लावर विश्वास ठेवून बसले होते. इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने १६५१ मध्ये पिल्लाच्या वाढीवर ग्रंथ लिहिला तेव्हा तोही अंडी फोडत ॲरिस्टॉटलच्याच वाटेने गेला.

आणि गुरुजी, मेंदूची चूक याच अंड्यातून निघाली. सगळ्यांत आधी उडताना दिसतं ते हृदय. त्याचं म्हणणं, शेवटी थांबतं तेही हृदयच. मेंदूला हात लावला तर तो त्याला गार लागला, आणि उघड्या मेंदूला स्पर्श केला तरी प्राण्याला वेदना होत नाहीत हे त्याने हेरलं होतं. हे शेवटचं आजच्या न्यूरोसर्जनलाही मान्य आहे. एवढ्या सामग्रीवर त्याने विचाराची आणि संवेदनेची गादी हृदयाला दिली, आणि मेंदूला पाणक्याच्या कामावर लावलं. निरीक्षणं बहुतेक ठीक, निवाडा पार चुकलेला. हा निवाडा फिरवायला कोणी नवं तत्त्वज्ञान आणलं नाही. इ.स.च्या दुसऱ्या शतकात गॅलन या ग्रीक वैद्याने रोममध्ये लोकांसमोर किंचाळत्या डुकराच्या मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा बांधल्या आणि डुकराचा आवाज बंद झाला. गॅलन त्यासाठी ॲरिस्टॉटलवर रागावून थांबला नाही, त्याने सुरी उचलली. आपण मात्र अजूनही ‘मनापासून’ म्हणताना हात छातीवरच नेतो. कपाळाला हात लावतो तो वेगळ्याच कारणासाठी.

पडणाऱ्या वस्तूंबद्दल तुमचं बरोबर आहे आणि मी भांडणार नाही. पदार्थविज्ञानात तो कोंबडीच्या अंड्याएवढा कधी जवळ गेलाच नाही. पण सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस या तत्त्वज्ञाने स्वच्छ लिहून ठेवलं होतं की खूप जास्त आणि खूप कमी वजनाच्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडून बघा, पडण्याच्या वेळेत फरक अगदी थोडा पडतो. गॅलिलिओच्या हजार वर्षं आधी! मधल्या लोकांनी वस्तू सोडून पाहिल्या नाहीत, पोथी वाचली. दोन हजार वर्षांच्या वाटचुकीचं बिल एकट्या ॲरिस्टॉटलच्या नावावर फाडायला माझा विरोध आहे तो इथे.

त्यातही गंमत अशी की पोथी नीट वाचली असती तरी भागलं असतं. मधमाश्यांची पिल्लं कशी होतात या प्रश्नावर त्याने पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. पोळ्याच्या राणीला तो राजा समजतो, कामकरी माश्या नर की मादी यावर घोळ घालतो, आणि तर्काचा डोलारा उभा करून झाल्यावर शेवटी लिहितो, की या गोष्टींची पुरेशी पाहणी झालेली नाही. पुढे कधी झाली, तर विश्वास तर्कापेक्षा पाहणीवर ठेवावा. तर्काला पाहणीशी जुळलं तरच मान. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याच्याच तर्काची पुढे घोकंपट्टी झाली.

कौतुक फक्त मीच करते असं समजू नका. चार्ल्स डार्विनकडे १८८२ च्या फेब्रुवारीत ॲरिस्टॉटलच्या एका ग्रंथाचं नवं इंग्रजी भाषांतर आलं. त्यावर भाषांतरकाराला लिहिलेल्या पत्रात डार्विन म्हणतो, की लिनियस आणि कुव्हिए (प्राण्यांचं वर्गीकरण करणारे दोन थोर शास्त्रज्ञ) ही माझी दोन दैवतं, पण म्हाताऱ्या ॲरिस्टॉटलपुढे ती शाळकरी पोरं होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डार्विन गेला. नातवाला एवढं एक पत्र सांगा.

प्रश्न : आम्ही कोळी. मुशी कापताना पोटातून पिल्लं निघतात आणि ती नाळेने जोडलेली असतात, हे आमच्या घरच्या बायका पिढ्यान् पिढ्या बघत आल्या. ते ॲरिस्टॉटलने नोंदवलं म्हणून तुम्ही त्याला मान दिलात. म्हणजे कापणाऱ्याला कोणी विचारत नाही, लिहिणाऱ्याचं नाव होतं, असंच ना?
(एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : असंच. पण या माणसाने निदान कापणाऱ्याला विचारलं, आणि विचारलं हे लपवलं नाही. त्याच्या ग्रंथात ‘कोळी सांगतात’ हे शब्द जागोजाग येतात. मधपाळ, गुराखी, पारधी यांच्याकडूनही त्याने माहिती घेतली आहे. त्या काळच्या अथेन्समधल्या सभ्य माणसाने मासळीबाजारात उकिडवं बसून कालवांबद्दल चौकशी करणं हे काही मानाचं नव्हतं. टीका होत असावी, कारण एका ठिकाणी त्याने उत्तरच देऊन ठेवलं आहे : क्षुद्र प्राण्यांच्या अभ्यासाचा पोरकटपणे कंटाळा करू नका. आणि मग हेराक्लिटस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाची गोष्ट सांगतो. त्याला भेटायला पाहुणे आले, तर तो स्वयंपाकघरात चुलीशी शेकत बसलेला. पाहुणे दारातच घुटमळले. तो म्हणाला, या आत, देव इथेही आहेत.

आता तुमची मुशी. आपल्याकडे प्राणिशास्त्राच्या पिढ्यांनी जी छोटी मुशी फाडून शिक्षण घेतलं, ती स्कोलिओडॉन. तिचं बलक अगदी नावापुरतं असतं, त्यामुळे गर्भाची भिस्त आईवर. पिल्लापासून निघालेली नाळ गर्भाशयाच्या भिंतीला जाऊन चिकटते, आणि त्या नाळेवर बारीक तंतूंची झालर असते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या जेटीवरून आणलेल्या मादीचं पोट उघडलं की मुलांना आधी ही झालरच दिसायची आणि ती जंत समजून मागे सरकायची. ॲरिस्टॉटलने पाहिली ती भूमध्य समुद्रातली मुशी, मस्टेलस. तिच्याबद्दल तो लिहितो की पिल्लाची नाळ गर्भाशयाला जोडलेली असते, थेट चार पायांच्या प्राण्यांसारखी. अंडी पोटातच फुटून पिल्लं बाहेर येणाऱ्या इतर मुशींपासून त्याने हिला वेगळं काढलं आहे. माशाला वार असते, हे वाचून पुढच्या विद्वानांचा विश्वास बसेना. मधेच १५५४ मध्ये फ्रान्सच्या राँदले या मत्स्य-अभ्यासकाने नाळेसकट पिल्लाचं चित्र छापलं, तरी शंका राहिलीच. शंकेला कारणही होतं : त्याच समुद्रात हिची एक सख्खी बहीण राहते, दिसायला जवळजवळ तशीच, पण तिच्या पिल्लांना अशी वार नसते. ज्याच्या जाळ्यात ती आली, त्याला ॲरिस्टॉटल खोटारडा वाटला. बर्लिनच्या योहानेस म्युलर या शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास दोन्ही जाती शेजारी ठेवून हा गुंता सोडवला. तुमच्या घरच्या बायकांना मात्र कोणत्या मुशीत नाळ असते आणि कोणत्या नाही, हे विचारल्यावर लगेच सांगता येईल अशी माझी खात्री आहे. विचारून मला कळवा, मी छापीन.

माशांच्या बापांबद्दलही असंच झालं. ग्रीसमधल्या अकेलूस नदीतल्या एका मिशीवाल्या माशाचा नर अंड्यांशी चाळीस-पन्नास दिवस राखण करत थांबतो, जवळ येणाऱ्या लहान माशांवर धावून जातो, आणि त्याच्या त्या धावण्याच्या आवाजावरून कोळ्यांना जागा कळते, असं ॲरिस्टॉटलने लिहिलं. मध्य युरोपातल्या नद्यांमधला अशाच जातीचा मासा बघणाऱ्यांना हे पटलं नाही. एकोणिसाव्या शतकात लुई अगासीझ या प्राणिशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या अशा माशांना राखण करताना पाहिलं होतं, म्हणून त्याने ग्रीसमधून अकेलूसचे मासे मागवून घेतले. जात निराळीच निघाली, आणि आज तिच्या शास्त्रीय नावात ॲरिस्टॉटलचं नाव आहे. तुम्हाला यात नवल वाटणार नाही. आपल्या शिंगाळ्याचा नर तर अंडी तोंडात घेऊन फिरतो आणि पिल्लं सुटी होईपर्यंत उपाशी राहतो.

आता कोळ्यांची सरशी कुठे झाली तेही सांगते. ऑक्टोपसच्या नराचा एक हात बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो आणि तो संगाच्या वेळी मादीच्या शरीरात घालतो, हे कोळ्यांनी त्याला सांगितलं. हे त्याने एका ग्रंथात इमानाने उतरवलं. दुसऱ्या ग्रंथात, प्राण्यांच्या उत्पत्तीची मीमांसा करताना, त्याला ते पटेना. हाताचा शरीरातल्या मार्गाशी संबंध नाही, मग बीज जाणार कसं? तो हात नुसता धरून ठेवायला असणार, असं त्याने ठरवलं. कोळी बरोबर होते. कुव्हिएसारख्या माणसालाही १८२९ मध्ये ऑक्टोपसच्या एका नातेवाइकाच्या मादीत असा तुटून राहिलेला हात सापडला, तेव्हा तो परजीवी जंत वाटला, आणि जंत म्हणूनच त्याचं बारसं झालं.

एक ओळ तुमच्यासाठी मुद्दाम शोधून ठेवली आहे. पायराच्या खाडीतले शिंपले एकदा संपून गेले. कारणं तो दोन देतो : एक, लांबलेला दुष्काळ. दुसरं, शिंपले काढायला तळ खरवडत नेतात ते अवजार. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातली ही नोंद आहे. ट्रॉलरवाल्यांशी भांडताना उपयोगी पडली तर बघा.

प्रश्न : अलेक्झांडर भारतात आला तेव्हा त्याने आपल्या गुरूला इथले प्राणी आणि झाडं पाठवली, त्यावर ॲरिस्टॉटलने ग्रंथ लिहिले, असं एका व्याख्यानात ऐकलं. कितपत खरं?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : ही गोष्ट रोमन लेखक प्लिनीची. तोच प्लिनी, जो इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा मेला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अलेक्झांडरने आशिया आणि ग्रीसमधले हजारो शिकारी, पारधी, कोळी, मधपाळ ॲरिस्टॉटलच्या दिमतीला दिले. व्याख्यानात छान वाटतं. ग्रंथ उघडला की त्यात गावं येतात ती लेस्बॉसच्या आजूबाजूची, आणि भारताबद्दलची बरीच माहिती येते ती क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याकडून. हा गृहस्थ इराणच्या दरबारी होता आणि भारतात कधी आला नव्हता. त्याच्या थापा ऐकण्यासारख्या आहेत. भारतात म्हणे सिंहाएवढं, माणसाच्या तोंडाचं आणि दातांच्या तीन रांगा असलेलं एक जनावर राहतं. ॲरिस्टॉटल हे सगळं देतो, पण ‘क्टेसियसवर विश्वास ठेवायचा झाल्यास’ अशी पाचर मारून. दुसरीकडे क्टेसियसच्याच हवाल्याने भारतात डुकरं नसतात असं लिहिताना तर तो सरळ म्हणतो, हा माणूस भरवशाचा नाही. भारतातल्या डुकरांची बाजू अशी अथेन्समध्ये सांभाळली गेली!

हत्तीबद्दल त्याचं ज्ञान मात्र बरंच बरं होतं. हत्तीच्या पायांना सांधे नसतात, म्हणून तो उभ्यानेच झोपतो, ही समजूत त्याने खोडून काढली. हत्ती पाय वाकवतो आणि बसतो, असं त्याने लिहिलं. तरीही ही गैरसमजूत त्याच्यानंतर शेकडो वर्षं युरोपात टिकली.

मोहिमेबरोबर खरी माहिती ग्रीसला पोहोचली ती झाडांची, आणि ती सापडते थिओफ्रास्टसच्या ग्रंथात. भारतात एक झाड आहे, त्याच्या फांद्यांपासून मुळं खाली येतात, जमिनीत रुततात आणि खोडाभोवती मांडव तयार होतो, असं तो लिहितो. वड न पाहिलेल्या माणसाने वडाचं इतकं नीट वर्णन केलं, म्हणजे सांगणाऱ्या शिपायांपैकी कुणीतरी त्या सावलीत पाठ टेकली असणार. लोकर देणाऱ्या झाडांचा, म्हणजे कपाशीचा, उल्लेखही त्याच्याकडे आहे. विदर्भातल्या वाचकाला हे कळवताना बरं वाटतं.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. आमच्या वेळी डिसेक्शन नाही, गर्भाचे टप्पे स्क्रीनवरच दाखवतात. तुम्ही मागे लिहिलं होतं की घरी अंड्यात बघता येतं. बाजारातून आणलेलं अंडं चालेल का? आणि प्रॅक्टिकलला ‘ॲरिस्टॉटल्स लँटर्न’ विचारतात, ते नेमकं काय?
(एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : आधी परीक्षेचं. समुद्रातल्या सी अर्चिनच्या तोंडात पाच दात असतात आणि ते हलवणारी हाडासारख्या कठीण पट्ट्यांची, स्नायूंची एक पाच बाजूंची रचना असते. तिच्याबद्दल लिहिताना ॲरिस्टॉटलने कंदिलाची उपमा दिली, ती चिकटली. ही उपमा त्याने तोंडाला दिली की अख्ख्या कवचाला, यावर अलीकडे वाद आहे. पण तू परीक्षेत पाच दात लिही आणि पुढे सरक.

बाजारातलं अंडं चालणार नाही. अंड्यांच्या पोल्ट्रीत कोंबडा नसतो, त्यामुळे ती अंडी फळलेली नसतात, कितीही ऊब द्या. गावाकडे कोणाची गावरान कोंबडी खुडूक बसली असेल तर तिथे जा. फोडायचं काही नाही. रात्री खोलीत अंधार कर. पुठ्ठ्याला अंड्याहून लहान भोक पाड, मागे टॉर्च धर, आणि अंड्याचं बोथट टोक त्या भोकावर टेकव. तिसऱ्या दिवशी नवख्या डोळ्याला फारसं उमगत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी मधे काळसर ठिपका आणि त्याच्यापासून चारी बाजूंना फुटलेल्या लाल शिरा स्वच्छ दिसतात. जे अंडं सातव्या दिवशीही कोरं, नुसतं पिवळं झळकतं, ते फळलेलं नाही. मालकिणीला सांगून काढून टाक, ती खूश होईल. चौदाव्या दिवसानंतर आत पिल्लानेच जागा व्यापलेली असते, उजेड पलीकडे जात नाही, फक्त हवेची पोकळी उजळते.

अंड्यावर पेन्सिलने खूण कर, म्हणजे रोज तेच बघशील. वहीत आकृती काढ, तारीख घाल, भागांना अक्षरं दे. ॲरिस्टॉटल हेच करत असे. त्याच्या ग्रंथात एका ठिकाणी शरीरातल्या नळ्यांचं वर्णन करताना तो अक्षरांनी खुणावलेल्या आकृतीकडे बोट दाखवतो, आणि विच्छेदनाच्या आकृत्यांचं त्याचं एक स्वतंत्र पुस्तकही होतं. ते पुस्तक हरवलं. त्यामुळे आज आपल्याकडे अक्षरांचा खुलासा आहे आणि आकृती नाही. प्रॅक्टिकलच्या पेपरात तुमचं नेमकं उलट असतं.

एका वेळी अंडं पाच-दहा मिनिटांहून जास्त बाहेर ठेवू नकोस, हात धुतल्याशिवाय लावू नकोस आणि धुतल्याशिवाय जेवू नकोस. अठराव्या दिवसापासून अंड्यांना अजिबात हात लावायचा नाही. कोंबडीही लावू देणार नाही.